मिस्त्रींना दिसणारा लाल ठिपका

एम.एस्सी. झाल्यावर मी ज्या खोलीत संशोधनाला लागले, ती विभागाच्या मागच्या अंगाला, वर्कशॉपच्या भिंतीला लागून होती. पूर्वी तिथे जुन्या बॅटऱ्या ठेवत. फरशीवर आम्लाचे डाग होते आणि एकुलत्या एका खिडकीच्या काचांना काळा रंग फासलेला होता. ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. त्या खोलीत आम्ही तिघंच असायचो: सर, मी आणि मिस्त्री.

सर परदेशात सहा-सात वर्षं काढून नागपूरला परतले होते. हळू बोलायचे, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. मिस्त्री विभागाचे काच कारागीर. पन्नाशी ओलांडलेले, बारीक, हातावर भाजल्याचे जुने पांढरे वण. काचेची नळी ज्योतीवर धरून ते तिला हवा तसा आकार देत. आमच्या भट्टीतली नळी त्यांनीच जोडली होती, द्रव नायट्रोजनचं दुहेरी भिंतीचं भांडंही त्यांनीच फुंकलं होतं, त्याला समोरून एक सपाट काचेची खिडकी ठेवून. तसं भांडं मुंबईहून मागवायचं तर वर्ष गेलं असतं.

आम्ही लेसर बनवत होतो. लेसर म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं तसं काही नाही. आमचा लेसर खसखशीच्या दाण्याएवढा होता. गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ चकतीवर भट्टीत थर चढवायचे, मग तिचे बारीक तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा तांब्याच्या ठोकळ्यावर बसवायचा. त्यातून वीज सोडली की त्याच्या कडेच्या एका रेषेतून अवरक्त किरण निघत. लालच्याही पलीकडचा तो उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. असे लेसर जगात तोवर बरेच झाले होते. सरांना हवी होती ती जास्त शक्ती. तुकडा रुंद करायचा, थर सुधारायचे, त्याला थंड ठेवायचं आणि वीज वाढवत न्यायची.

थंड ठेवण्यासाठी द्रव नायट्रोजन लागे आणि तो मिळे जनावरांच्या कृत्रिम रेतन केंद्रातून. तिथे तो वळूंचं वीर्य गोठवायला ठेवत. आठवड्यातून दोनदा मी आणि मिस्त्री सायकलरिक्षाने जात असू. येताना ते कॅन दोन्ही गुडघ्यांत धरून बसत आणि झाकणाखालून पांढरी वाफ त्यांच्या पायजम्यावरून खाली ओघळत राही. मे महिन्यात खोलीवर पोचेपर्यंत बराच नायट्रोजन उडून गेलेला असे.

अडचण एकच होती. जो उजेड तयार करतोय तो दिसणार कसा? शक्ती मोजायला आमच्याकडे एक प्रकाशघट होता, त्यावर आकडा मिळे. पण उजेड तुकड्याच्या नेमक्या कुठल्या भागातून निघतो, एका ठिकाणाहून की तुटक तुटक, हे आकड्यावरून कळत नसे. अवरक्त दिसण्याचं एक यंत्र असतं; सरांनी ते मागवलं होतं, पण आयातीच्या परवान्यात अडकून बसलं होतं. शहराबाहेर वाडीला असलेल्या मालगोदामांतून आमच्या नावाचा एखादा खोका सुटला की मी आधी तेच आलं का ते पाही. ते नसायचं.

मग एक दिवस मिस्त्रींनी सूक्ष्मदर्शक भांड्याच्या खिडकीसमोर लावला आणि त्याच्या नळीला डोळा लावून म्हणाले, "मले लाल दिसून राहिलं."

मी हसले. "काका, ते दिसणारच नाही. डोळ्याला दिसत नाही तो."

"मले दिसते ना पण. अंधारात निखारा असते तसं. तू वीज वाढव."

मी बटण फिरवत गेले. ते सांगत गेले. आधी नुसती रेष, मंद. मग एका आकड्यावर ते थांबले. "आता ठिपका झाला. दाणेदार. रव्यासारखा चमकून राहिला."

मी प्रकाशघटाचा आकडा पाहिला. अगदी त्याच ठिकाणी तो झपकन वर गेला होता. लेसर त्या क्षणी सुरू झाला होता आणि मिस्त्रींनी तो डोळ्याने पकडला होता. मी धावत सरांना बोलावून आणलं. सर दारात उभे राहिले. मिस्त्रींनी पुन्हा सगळं करून दाखवलं, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी त्यांचा शब्द आणि माझा आकडा जुळला.

"फार छान," सर म्हणाले. "असंच चालू ठेवा."

मीही एकदा नळीला डोळा लावला होता. मला काहीच दिसलं नाही. बहुधा मी नीट जागेवर पाहत नव्हते. मिस्त्रींना मात्र याचा अभिमान वाटू लागला. चहाच्या टपरीवर ते सांगत, "बाईच्या डिग्रीले जे दिसत नाही ते मले दिसते." पुढच्या चार-पाच महिन्यांत त्यांनी तो ठिपका शेकडो वेळा पाहिला असेल. मी वही घेऊन बसे, बटण फिरवी आणि विचारी, "दिसलं?" ते म्हणत, "दिसलं." माझ्या वहीत एक रकानाच होता त्याचा. वीज वाढत गेली, आकडे वाढत गेले. सर दारातून विचारत, "आज कुठवर?"

सर त्या नळीशी कधी वाकले नाहीत, हे मला तेव्हा खटकलं नाही. मोठी माणसं असतात तशी, असं वाटलं.

पावसाळ्यात पहिल्यांदा काहीतरी बिनसलं. मिस्त्री नळी जोडत होते. दोन टोकं ज्योतीत मऊ करून एकमेकांना चिकटवायची, हे काम ते गप्पा मारता मारता करत. त्या दिवशी टोकं चुकली. पुन्हा केलं, पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा त्यांनी नळी खाली ठेवली आणि कितीतरी वेळ ज्योतीकडे पाहत बसले. मग डोकं थोडं डावीकडे वळवून त्यांनी तेच काम केलं आणि जमलं.

"काय झालं काका?"

"चष्म्याचा नंबर वाढला असन."

त्यानंतर मी पाहू लागले. ते पेपर वाचताना मान तिरपी करत. माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे न पाहता कानाच्या बाजूला कुठेतरी पाहत. एकदा टेबलावरची काडेपेटी समोर असून त्यांना सापडेना. आणि एका सकाळी मी बटणापाशी बसले असताना माझ्या लक्षात आलं की सूक्ष्मदर्शकाला त्यांनी नेहमीचा उजवा डोळा लावला नव्हता. डावा लावला होता.

"डोळा का बदललात?"

"उजव्यात मधातच काळा डाग येऊन राहिला, वं पोरी. जिथं पाहावं तिथंच येते थो." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, बूट चावतो म्हणावं तसं. "डाव्यानं मस्त दिसते. तू वाढव."

मी बटण फिरवलं. हे मला लिहिलंच पाहिजे. मी बटण फिरवलं, आणि त्यांनी "दिसलं" म्हटल्यावर वहीत आकडा टाकला.

त्याच आठवड्यात मी त्यांना धरमपेठेतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. चष्म्याचा नंबर काढायला, असं सांगून. डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या आणि बराच वेळ आत पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून विचारलं, "ग्रहण पाहिलं होतं का?"

त्या वर्षी फेब्रुवारीत मोठं सूर्यग्रहण झालं होतं. आपल्याकडे ते खंडग्रास होतं, तरी दुपारी रस्ते असे ओस पडले होते की कुत्रंही बाहेर दिसत नव्हतं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "आम्ही ग्रहण पाळत नाही साहेब, पण पाह्यलं बी नाही. त्या दिवशी मी कामावर होतो. भट्टी चालू होती."

ते खरं होतं. त्या दुपारी मी त्यांच्याबरोबर होते. भट्टी मधेच बंद करता येत नव्हती म्हणून आम्ही दोघं त्या काळ्या काचांच्या खोलीत संध्याकाळपर्यंत बसून होतो.

"डोळ्याच्या आतल्या पडद्यावर भाजल्यासारखा डाग आहे," डॉक्टर म्हणाले. "अगदी मधोमध. ग्रहणानंतर असे पुष्कळ आले माझ्याकडे. हा तसाच आहे. पण एकच डाग नाही. बारीक बारीक, एकाशेजारी एक, बरेच आहेत." त्यांनी डाव्या डोळ्यात पुन्हा पाहिलं. "इकडेही सुरुवात दिसते. तुम्ही वेल्डिंग करता का?"

"काच करतो. पण काळा चष्मा लावून."

"भरून येत नाही हे," डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठीवर लिहू लागले.

रिक्षात घर जवळ आल्यावर मिस्त्री म्हणाले, "घरी नको सांगू."

दुसऱ्या दिवसापासून मी ग्रंथालयात बसू लागले. तिसऱ्या दिवशी एका परदेशी नियतकालिकात मला हवं होतं, किंवा नको होतं, ते सापडलं. अवरक्त किरण डोळ्याला दिसत नसले तरी डोळ्याचं भिंग त्यांना आत घेतं आणि पडद्यावर एका बिंदूत गोळा करतं. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, दुखत नाही म्हणून माणूस मान वळवत नाही. आणि उजेड फारच तीव्र असेल तर तो मंद लाल भासतो. मी ते वाक्य तीनदा वाचलं. मिस्त्रींचा डोळा काही वेगळा नव्हता. ज्याला त्यांनी आपलं कसब समजलं ते त्यांचा पडदा जळताना दिसणारं होतं.

मी ते पान उतरवून घेऊन सरांकडे गेले. सरांनी ते वाचलं. घाईने नाही, सावकाश, शेवटपर्यंत.

"ही खूप मोठ्या शक्तीची गोष्ट आहे," ते म्हणाले. "आपण कुठे आहोत त्यात."

"डॉक्टर म्हणाले, डाग भाजल्याचे आहेत, ग्रहण पाहिल्यावर होतात तसे."

"डॉक्टर ग्रहण म्हणाले ना?"

"सर, त्या दिवशी ते माझ्यासोबत होते."

सरांनी कागदाची घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवली. "दसऱ्यानंतर पाहुणे येताहेत. त्यांना पटलं तर आपल्याला स्वतंत्र इमारत मिळेल, ते यंत्र मिळेल, सगळं मिळेल. तुझी शिष्यवृत्तीही त्यावरच आहे. अकरा दिवसांचा प्रश्न आहे. उगाच त्यांना घाबरवू नकोस. या वयात माणूस हाय खातो."

मी वर्गात पहिली आलेली, आमच्या घरातली पहिली एम.एस्सी. बाबा रेल्वेत फिटर होते आणि माझ्या शिष्यवृत्तीचं पत्र त्यांनी चौकट करून भिंतीवर लावलं होतं. यातलं काहीही मी सबब म्हणून सांगत नाही. मी खोलीत परत गेले आणि मिस्त्रींना म्हणाले, "काका, आता तुम्ही पाहणं बंद करा."

"मग कोण पाहीन? तुले तर दिसत नाही."

"आकड्यावरून करू."

"आकड्यावरून होत असतं तर सायबानं पहिलेच केलं नसतं का?" ते हसले. "काहून भेऊन राहिली? डावा शाबूत आहे."

का भिते ते मी सांगितलं नाही. त्या अकरा दिवसांत मी रोज ठरवायचे की आज सांगायचं. रोज सकाळी त्यांनी माझ्याआधी येऊन भांडं पुसून ठेवलेलं असे. तुकड्याची जागा जुळवायला ते आता दुप्पट वेळ घेत आणि दुप्पट वेळ नळीला डोळा लावून राहत. मी शक्य तितकी वीज कमी ठेवी. सर येऊन ती वाढवायला सांगत.

पाहुणे आले. एक उंच, करड्या केसांचे अधिकारी आणि त्यांच्यासोबत फायली घेतलेला एक जण. कुठल्या खात्यातून आले ते आम्हाला सांगण्यात आलं नव्हतं, आणि हा उजेड त्यांना कशासाठी हवा होता तेही नाही. उंच साहेब प्रश्न फार थोडे विचारत. किती अंतर, किती वेळ, किती शक्ती. अंतर हा शब्द त्यांच्या तोंडी पुन्हा पुन्हा येई.

मिस्त्रींनी नुकताच धुतलेला शर्ट घातला होता. त्यांनी नायट्रोजन ओतला, वाफ खाली बसू दिली, आणि डावा डोळा नळीला लावला. मी बटण फिरवू लागले. खूप वेळ ते मान इकडेतिकडे करत शोधत राहिले. मग म्हणाले, "झाला ठिपका." आकडा वर उडाला. पाहुण्यांच्या सोबतच्या माणसाने तो टिपून घेतला. मी आणखी वाढवत गेले, सरांनी हात वर करेपर्यंत. तोवर आम्ही त्या आकड्यापर्यंत कधी पोचलो नव्हतो.

उंच साहेब खूश झाले. पहिल्यांदा हसले. "यांना खरंच दिसतं?" त्यांनी हिंदीत विचारलं आणि पुढे झाले. "आम्हालाही पाहू द्या." मिस्त्री अदबीने बाजूला सरकले. साहेब नळीशी वाकू लागले.

सर दारातून तीन ढांगांत आत आले. त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, नुसता ठेवला नाही, धरून मागे ओढलं. "नको सर. डोळ्याला धोका आहे. पडदा जळतो."

भांड्यातला नायट्रोजन उकळत होता. साहेब सरळ उभे राहिले, त्यांनी सरांकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे, मग हातातल्या घड्याळाकडे.

मिस्त्री भिंतीला टेकून उभे होते. सर होते त्या दिशेच्या किंचित बाजूला पाहत ते म्हणाले, "सर, मग मले काहून नाही सांगितलं?"

"आपण नंतर बोलू मिस्त्री."

"नाही, तसं नाही. फक्त विचारून राहिलो."

मग मिस्त्रींनी मान माझ्याकडे वळवली. "तुले माहीत होतं का वं?"

"शंका होती," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. टेबलाशी आले, हाताने चाचपत वीजपुरवठ्याची कळ शोधली आणि बंद केली. ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला. कॅनचं झाकण सैल होतं, ते घट्ट बसवलं. मग पाहुण्यांना नमस्कार करून बाहेर गेले. त्यानंतर ते त्या खोलीत आले नाहीत.

काम मात्र थांबलं नाही. चार महिन्यांत सरांना दुसऱ्या शहरात बोलावणं आलं. स्वतंत्र इमारत मिळाली ती तिकडे. भट्टी, टेबल, आमच्या वह्या, सगळं खोक्यांत भरून गेलं. मला येतेस का विचारलं. मी नाही म्हणाले. मग काही वर्षांनी मी स्फटिकांवर दुसऱ्याच कुणाच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि कॉलेजात शिकवू लागले.

मिस्त्रींनी एक अर्ज केला होता. त्यांना फक्त एवढंच लिहून हवं होतं की डोळे कामावर गेले. विभागाने तीन जणांची समिती नेमली. मला साक्षीला बोलावलं. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं की सूर्याकडे पाहिल्याने होते तशी इजा. समितीच्या टिपणात त्यातलं 'तशी' गळून पडलं होतं. मी सांगितलं की ग्रहणाच्या दुपारी मिस्त्री माझ्याबरोबर बंद खोलीत होते.

"पूर्ण वेळ?" अध्यक्षांनी विचारलं. "एकदाही बाहेर गेले नाहीत?"

मी आठवून पाहिलं. खरं बोलायचं असं ठरवून गेले होते. "एकदा पाणी आणायला गेले होते."

ते लिहून घेतलं गेलं. माझी वही मी मागितली, ज्यात तो 'दिसलं'चा रकाना होता. ती सामानाबरोबर गेली होती आणि तिकडून उत्तर आलं की अशी वही मिळत नाही. निकालात एकच ओळ होती. इजा ग्रहण पाहिल्याने झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

तो निकाल सांगायला मी त्यांच्या घरी गेले. जरीपटक्याच्या बाजारामागे दोन खोल्यांचं घर होतं. मिस्त्री खाटेवर बसले होते. डाव्या डोळ्याचंही मधलं सगळं गेलं होतं. कडेकडेने तेवढं दिसे. चालता येई, ताट ओळखता येई, पण माणसाचा चेहरा नाही. त्यांच्या बायकोने मला पाणी दिलं आणि ती दाराशी उभी राहिली.

मी निकाल वाचून दाखवला. मग मी म्हणाले, "काका, मी तेव्हा शंका होती म्हटलं. शंका नव्हती. मी वाचलं होतं. मला अकरा दिवस आधी माहीत होतं."

त्यांची बायको दारातून आत आली.

"अकरा," मिस्त्री म्हणाले. ते माझ्या खांद्यापलीकडे पाहत होते, म्हणजे माझ्याकडेच. "त्या अकरा दिवसांत मी किती डाव पाह्यलं असन?"

"रोज दहा-बारा वेळा."

"तवाच डाव्याचं गेलं मग." ते हिशेब लागल्यासारखं म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं झालं असतं. मग त्यांनी बायकोला हाक मारली, "चहा टाक वं." आम्ही तिघांनी चहा घेतला. त्यांनी माझ्या वडिलांची चौकशी केली. मी उठले तेव्हा म्हणाले, "ये आता."

आपल्याकडे निरोप देताना सगळेच असं म्हणतात. मी पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. बायकोने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, "झोपून राहिले ते." दुपारचे चार वाजले होते. आत रेडिओ लागलेला होता आणि कुणीतरी त्याचं स्टेशन बदलत होतं. मी थोडा वेळ उंबऱ्याबाहेर उभी राहिले. तिने दार लावलं नाही, उघडलंही नाही. शेवटी मी चप्पल घातली आणि बाजारातून चालत बसस्टॉपवर आले.